घरच्यांचं उत्तर

"एकंदर आयुष्याबद्दल त्या समाधानी आहेत, असं तुम्हाला वाटतं का?" डॉक्टरीणबाईंनी हे विचारलं ते तिच्या नवऱ्याला. ती त्याच्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती. दोन्ही खुर्च्यांचे हात एकमेकांना टेकले होते, त्यामुळे तो प्रश्न आपल्या कोपराला घासून पलीकडे गेला असं तिला वाटलं. नवऱ्याने घसा खाकरला. अपघातानंतर त्याला ही नवीनच सवय लागली होती, तिच्याविषयी बोलायचं झालं की आधी घसा साफ करायचा. "आहे तशी बरी आहे," तो म्हणाला, "चिडचिड सोडली तर." डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि टकटक करून काहीतरी टाइप केलं. वयाने लहानच होत्या, फार तर तिशीच्या, आणि स्वभावाने चांगल्या. येताना जाताना दार उघडून धरायच्या. ती म्हणाली, "मी इथेच बसले आहे." "हो, हो," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "तुमची उत्तरं मघाशी शेजारच्या खोलीत घेतलीच ना आपण. पण कसं असतं, मेंदूला मार लागलेल्या माणसाला स्वतःचा अंदाज नीट येतोच असं नाही. म्हणून तुमचं आणि घरच्यांचं उत्तर जुळलं नाही, तर आम्ही घरच्यांचं उत्तर धरतो." त्यांच्या आवाजात तसूभरही उर्मटपणा नव्हता. आज हवा दमट आहे म्हणावं, तसं त्या म्हणाल्या. आणि तिच्या तळपायापासून जे काही उठलं ते मस्तकापर्यंत जायच्या आधी मानेपाशीच अडकलं, कारण हल्ली मान डॉक्टरीणबाई बसल्या होत्या त्या बाजूला नीट वळत नव्हती.

मग त्यांनी पडदा दोघांकडे वळवला. त्यावर एक रेघ होती. आधी उभी चढलेली, मग तिरपी, मग जेवणाच्या टेबलासारखी सपाट, पडद्याच्या कडेपर्यंत. शेकडो पेशंटांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून हे गणित बसवलं आहे, त्या समजावून सांगू लागल्या. वय, शिक्षण, शुद्ध किती वेळ हरपली होती, स्कॅनमध्ये काय दिसलं, घरात सांभाळणारं माणूस आहे की नाही, वर्षाच्या शेवटी माणूस कुठवर आला, हे सगळं घातलं की पुढे दहा वर्षांनी त्याच्या जीवनाची गुणवत्ता साधारण कशी असेल ते कळतं. "हे भविष्य नाही हं, अंदाज आहे. पण घरच्यांना तयारी करता येते." जीवनाची गुणवत्ता. तिला शाळेतली गुणवत्ता यादी आठवली, फलकावर डकवलेली, आणि तिच्यासमोर टाचा उंचावून उभ्या राहिलेल्या मुली. तिथेही तिचं नाव कधी नव्हतं. पण तिथे निदान आपण पेपर लिहिला होता एवढी खात्री असायची. इथे पेपर नवऱ्याने लिहिला होता. "सपाट का आहे?" तिने विचारलं. "स्थिर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आम्ही स्थिर म्हणतो. स्थिर असणं चांगलंच की." नवरा त्या रेघेकडे एकटक बघत होता. तो नकाशे काढणारा माणूस, दिवसभर दुसऱ्यांच्या घरांच्या भिंती आखायचा. रेघ दिसली की तो तिच्यावर विश्वास ठेवायचा.

शेजारच्या खोलीत तिची उत्तरं घेणारी मुलगी तर आणखीच गोड होती. गेल्या महिन्यात तुम्हाला उदास वाटलं का? नाही. निराश? नाही. एकटं? त्यावर तिने थोडा विचार केला होता. मग म्हणाली होती, "मला राग येतो. सकाळी डोळे उघडायच्या आधीपासून येतो. तो लिहा." मुलीने यादी वरखाली चाळली. "राग असा वेगळा नाहीये इथे. चिडचिडेपणात घालू का?" चिडचिडेपणा! दूध उतू गेलं की जी होते ती चिडचिड. चप्पल सापडली नाही की होते ती. हिला जो यायचा त्याला बूड होतं, धनी होता. एक माणूस फोनवर बोलत बोलत रस्त्याच्या कडेला थांबलेल्या गाडीचं दार मागे न बघता उघडतो, आणि सायकलवरून कामाला निघालेली बाई त्या दारावर आदळून उडते. इतकंच. तिला यातलं काहीही आठवत नव्हतं. आठवत होतं ते त्याच्या आधीचं, वळणावर लागलेलं ऊन आणि सायकलच्या साखळीची कुरकुर. बाकी सगळं तिला सांगितलेलं होतं, आणि प्रत्येकाने सांगून झाल्यावर एकदा विचारलं होतं, हेल्मेट नव्हतं का? होतं. पट्टा लावलेलं होतं. त्याचे दोन तुकडे झाले म्हणून तर ती एक राहिली. त्या माणसाने नंतर फुलं पाठवली होती. फुलांना वास नव्हता. आणि कशालाच वास नाही, हे तिला त्या फुलांवरून कळलं.

दवाखान्यातून परत येताना ती बसमध्ये एकदाच बोलली. "मी शेजारच्या खोलीत होते तेव्हा तू काय काय उत्तरं दिलीस?" "काही नाही गं," नवरा म्हणाला, "नेहमीचंच विचारत होते." त्याने हे ज्या आवाजात म्हटलं त्या आवाजाला ती मनातल्या मनात कापूस म्हणायची. समुपदेशनाच्या बाईंनी घरच्यांना शिकवून ठेवलं होतं, पेशंट भडकला तर आवाज चढवायचा नाही, वाद घालायचा नाही, विषय बदलायचा, फारच झालं तर शांतपणे खोलीबाहेर जायचं. तो राग त्यांचा नसतो, दुखापतीचा असतो. तेव्हापासून तिने काहीही फेकलं तरी ते कापसात पडायचं. ती ओरडायची आणि नवरा म्हणायचा, "बरं, बरं." ती दार आपटायची आणि थोरली बहीण, जी अपघातानंतर आठवडाभरासाठी म्हणून आली आणि राहिलीच, ती पलीकडून मऊ आवाजात विचारायची, "चहा टाकू का गं?" ताई आयुष्यभर मुलींच्या शाळेत ग्रंथपाल होती. आवाज न करता वावरणं तिच्या हाडीमाशी भिनलं होतं. घरात ती पुस्तकं परत जागेवर ठेवावीत तशी हिला परत जागेवर ठेवायची. गॅस लावू नकोस, मी लावते. एकटी उतरू नकोस, थांब, मी आले. शब्द अडला की ताई चटकन पुरवायची, नवराही पुरवायचा, दोघं एकदम पुरवायचे आणि बऱ्याचदा ते दोन वेगळे शब्द असायचे, आणि तिला हवा असलेला तिसराच. पण तोवर वाक्य संपलेलं असायचं. त्यांनी ते परस्पर संपवलेलं असायचं.

त्या संध्याकाळी ती खिडकीशी बसून होती आणि तिला स्वतःचाच राग आला, कारण तिला तलावावरची एक गोष्ट आठवली. ती पोहायला शिकवायची, लहान मुलांना नाही, मोठ्या माणसांना, पाण्याला घाबरणाऱ्या. पन्नाशीच्या बायका, पोट सुटलेले साहेब, एकदा एक निवृत्त न्यायाधीश, जो पायरीवर उभा राहून पाण्याला तारीख देत राहायचा. नवीन तुकडी आली की पहिल्या दिवशीच ती तलावाच्या व्यवस्थापकाच्या कानात सांगायची, हा टिकेल, ही परवा येणार नाही, याला उथळातच मरेपर्यंत ठेवावं लागेल. खांदे बघून सांगायची, काठाचा दांडा किती घट्ट धरलाय ते बघून सांगायची. दोघं त्यावर हसायचे. आणि बहुतेक वेळा तिचं खरं ठरायचं. म्हणजे डॉक्टरीणबाईंची रेघही खरी ठरेल. ती काही उडवून लावण्यासारखी गोष्ट नव्हती, आणि याचाच तिला संताप आला. खोटं असतं तर भांडता आलं असतं. जिला तिने दांड्यापाशीच निकालात काढलं होतं त्या एखाद्या बाईला कधी कळलं असेल का, की आपल्याकडे बघून दोघं जण हसत होते? तिला एकही चेहरा आठवेना. अपघातामुळे आठवेना की तेव्हाही तिने चेहरे बघितले नव्हते, हेही तिला सांगता येईना. आतून ताई म्हणाली, "दिवा लावू का गं?" तिने हातातला कप भिंतीवर फेकला. तो फुटला. ताईने केरसुणी आणली, तुकडे गोळा केले, "लागलं तर नाही ना?" म्हणाली. नवरा दारात येऊन उभा राहिला, म्हणाला, "बरं, बरं," आणि शांतपणे खोलीबाहेर गेला. कप त्याच्या आईने दिलेल्या संचातला होता. पूर्वी असा कप फुटला असता तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेला आणि ताई आंघोळीला गेली, तेव्हा ती घराबाहेर पडली. तलाव तिला चालत जाण्यासारखा होता, पूर्वी होता. आता रस्ता डावीकडे कलल्यासारखा वाटायचा, त्यामुळे ती भिंतीच्या आधाराने चालली, आणि रहदारीचा आवाज कानात खिळे ठोकावेत तसा आत शिरत राहिला. पण ती गेली. दारावर व्यवस्थापक होता, गळ्यात कायम शिट्टी असायची म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणायचे. तिला बघून त्याचा चेहरा उजळला, आणि दुसऱ्याच क्षणी त्यावर तीच ती मऊ साय धरली. "अरे वा! या, या. बसा. कशा आहात?" पूर्वी तो तिला अगंतुगं करायचा. तिच्या डब्यातलं न विचारता खायचा. "तू मला अहोजाहो कधीपासून करायला लागलास?" ती म्हणाली. "नाही म्हणजे..." तो म्हणाला आणि विषय बदलला. या माणसाला तर समुपदेशनाच्या बाईंनी काही शिकवलेलं नव्हतं. सगळ्यांना हे आपोआपच येत होतं.

आत तीच हवा, दमट आणि जड, पण तिच्यात क्लोरीन नव्हता. म्हणजे होता, तिच्यासाठी नव्हता. पंधरा वर्षं जो वास तिच्या केसांतून, टॉवेलांतून, उशीतून निघत नव्हता, ज्यावरून नवरा तिला लग्नाच्या नवलाईत चिडवायचा की मी पाण्याच्या टाकीशी लग्न केलंय, तो वास तिथे समोर पाण्यावर असणार आणि तिला पत्ता लागत नव्हता. जुनं घर परक्याला विकलेलं दिसावं, तसं ते पाणी दिसलं. उथळ बाजूला दोन म्हाताऱ्या कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून सुनांविषयी बोलत होत्या. ती काठावर बसली, पाय पाण्यात सोडले. पाण्यात जायची तिला सक्त मनाई होती. दवाखान्यातून घरी आल्यावर तिला एकदा फिट आली होती, पुन्हा कधी येईल याचा नेम नव्हता. शिट्टी कोपऱ्यात फोनवर कुणाशी तरी दबक्या आवाजात बोलत होता. कुणाशी ते तिला न ऐकताही कळलं. तेव्हा ती अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरली. ठरवून नाही. फोनवर बोलणाऱ्या माणसाची पाठ दिसली आणि ती उतरली.

पाणी कमरेपर्यंत आलं. कपडे फुगले, मग भिजून अंगाला चिकटले. तिने दांडा सोडला आणि पाठीवर आडवी झाली. शिकणाऱ्याला ती हेच पहिलं सांगायची, डोकं पाण्याला देऊन टाका, धरून ठेवू नका. तिने डोकं पाण्याला दिलं. कान बुडाले आणि गेल्या वर्षभरात पहिल्यांदा सगळे आवाज थांबले, म्हाताऱ्या, रहदारी, ताईच्या पावलांचा न होणारा आवाज. पण मग छत फिरायला लागलं. पंखे, दिवे, लोखंडी तुळया, सगळं एकाच बाजूला घसरत निघालं आणि तिला वर कुठे, खाली कुठे ते कळेना. नाकात पाणी गेलं. तिने हात मारला तो हवेत. जिने न्यायाधीशाला तरंगवलं होतं ती कमरेएवढ्या पाण्यात दांडा शोधत होती. सापडला. तिने तो इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. आपल्या त्या बोटांकडे बघताना तिच्या तोंडून एक घाणेरडी शिवी निघाली. एकही अक्षर न अडखळता निघाली. म्हाताऱ्या गप्प झाल्या.

शिट्टीने किती विनवलं तरी ती दांडा धरून पाण्यातच राहिली. बऱ्याच वेळाने नवरा आला तो बुटांसकटच आत. शिट्टी मागून म्हणत होता, "बूट, बूट काढा," पण त्याला ऐकू आलं नाही. तो पायऱ्यांवरून गुडघाभर पाण्यात उतरला, तिच्या दंडाला धरून तिला वर ओढलं, काठावर बसवलं, आणि ओरडला, "डोक्यावर पडलीस का तू?"

सगळा तलाव घुमला. आणि मग नुसतं पाणी काठावर लपलप करत राहिलं. अपघातानंतर त्यांच्या घरातून डोकं हा शब्दच हद्दपार झाला होता. कुणाचं डोकं फिरत नव्हतं, कुणी कुणाचं डोकं खात नव्हतं, ताई तर डोकेदुखीच्या गोळीलाही ती दुखण्यावरची गोळी असं काहीबाही म्हणायची. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. आता तो माफी मागेल, असं तिला वाटलं, आणि त्याने तोंड उघडायच्या आत ती ओरडली, "हो! पडले! डोक्यावरच पडले! तुला माहीत नाही का?"

"मग तसं लक्षात ठेवून वाग ना!" तो म्हणाला. त्याने माफी मागितली नव्हती. "इथे फिट आली असती तर?"

"तर बुडले असते. तू सुटला असतास."

"हो, सुटलो असतो! एकदाचा सुटलो असतो! तुला वाटेल तेव्हा तू ओरडणार, कप फोडणार, आणि मी बरं बरं म्हणत फिरणार. मी काय दगड आहे? माझ्या आईचा कप होता तो!"

"मग काल का नाही बोललास?"

"बोलायचं नसतं! ती बाई सांगते बोलायचं नाही, विषय बदला. माझ्याकडचे विषय संपले! सगळे बदलून झाले!"

म्हाताऱ्या पाण्यातून बाहेर यायला निघाल्या होत्या, त्या तिथेच थबकल्या. शिट्टीने तोंडाजवळ नेलेली शिट्टी तशीच धरली होती. तिला थंडी वाजत होती, दात वाजत होते, आणि राग इतका आला होता की तो अंगात मावत नव्हता, पण त्याला समोर काहीतरी टणक लागत होतं. "काय उत्तरं दिलीस तू त्या खोलीत?" तिने विचारलं. "खरं सांग."

"पूर्वीसारखी राहिली आहे का, विचारलं. मी म्हटलं, नाही. पूर्वीसारखी होईल असं वाटतं का? म्हटलं, नाही. मग? खोटं सांगू?"

ते तिला लागलं. दाराच्या कडेसारखं लागलं असेल, पण ती कड तिला आठवत नव्हती आणि हे आठवणार होतं. "आणि समाधानी आहे, हे कशावरून सांगितलंस?"

"कशावरून म्हणजे? मला काय माहीत तू समाधानी आहेस की नाही! तू मला कधी सांगतेस? मी ठोकून दिलं. त्या बघत होत्या माझ्याकडे, काहीतरी सांगायला हवं होतं. मला भूक लागली होती. मला घरी जायचं होतं."

तिने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या विजारीतून पाणी गळत होतं, बुटांत साचलं होतं. शेकडो माणसं, वर्षानुवर्षांचा पाठपुरावा, दहा वर्षं लांब जाणारी ती सपाट रेघ, आणि तिच्या आत कुठेतरी या माणसाची भूक. तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. "मला विचारायचं होतंस," ती म्हणाली, "तिथेच, तिच्यासमोर, मला विचारायचं होतंस."

"आणि मला कोण विचारतं?" त्याचा आवाज चिरकला. "मला ती हवी आहे. आधीची. रोज सकाळी उठलो की क्षणभर वाटतं ती आत आहे, केस वाळवतेय. मग तू येतेस."

"मलाही तीच हवी आहे!" ती किंचाळली. "तुला एकट्यालाच हवी आहे का ती? माझी कुणीच नव्हती?"

तो काठावरच्या बाकावर बसला, बूट काढला, त्यातलं पाणी ओतलं, पुन्हा घातला. "चल घरी," तो म्हणाला. "नाही," ती म्हणाली. "मग बस इथेच," तो म्हणाला, उठला, आणि चालायला लागला. बुटांतून फचफच आवाज करत, म्हाताऱ्यांच्या जवळून, शिट्टीच्या जवळून, दारातून बाहेर. एकदाही मागे न बघता.

ती दाराकडे बघत राहिली. आता येईल, तिला वाटलं. आला नाही. दवाखान्यात डोळे उघडल्यापासून तिला कुणी एकटं सोडलं नव्हतं. न्हाणीघराच्या कडीवर, जिन्यावर, झोपेतही कुणाचा तरी कान तिच्यावर असायचा. समुपदेशनाच्या बाईंनी सांगितलं होतं तसं शांतपणे कुणी कुणी खोलीबाहेर जायचं, पण ते दारामागेच थांबलेलं असायचं, त्यांचा श्वास तिला ऐकू यायचा. हा खरोखरच गेला होता. भांडून, तोंड फिरवून, जिवंत माणसाला सोडून जावं तसा गेला होता. मला सोडून गेला, असं तिच्या मनात आलं आणि संतापाने तिचे कान तापले. ओल्या कपड्यांत! फिट येणाऱ्या बायकोला! लाज नाही या माणसाला! शिट्टीने कुठूनतरी टॉवेल आणला होता, तो तिच्या खांद्यांवर घालत म्हणाला, "मी गाडी बोलावतो, तुम्ही बसा." "बोलावलीस तर याद राख," ती म्हणाली. "आणि 'तुम्ही' कुणाला म्हणतोस रे?" शिट्टीने तिच्याकडे बघितलं. "बरं, मर," तो म्हणाला, "पण टॉवेल परत आणून दे."

बाहेर ऊन रखरखीत होतं. तो बराच पुढे, चौकाच्या अलीकडे पोहोचला होता, पाठ ताठ करून, ओल्या बुटांनी भराभर चालत. रस्ता डावीकडे कलला. तिने उजव्या हाताने भिंत धरली आणि पाय उचलला. "ए!" ती ओरडली. एक सायकलवाला दचकून बाजूला झाला. नवरा थांबला. वळला, पण परत आला नाही. चौकातच कमरेवर हात ठेवून उभा राहिला, येतेस का बघतो अशा बेताने, आणि त्याचा चेहरा इतक्या लांबूनही रागाने लाल दिसत होता. ती चालत राहिली. तिच्याकडे बोलण्यासारखं अजून खूप होतं, वर्षभराचं होतं. भिंत संपली तिथे ती क्षणभर थांबली, मग भिंतीशिवाय निघाली. त्याच्यापर्यंत पोहोचल्यावर म्हणायचं पहिलं वाक्य तिने मनात जुळवलं, ते तिला मवाळ वाटलं, म्हणून ते टाकून देऊन दुसरं घेतलं.